कंपनीच्या चेकअपमध्ये युरिक ॲसिड ८.१ आलं, दुखत काहीच नाही, तरी गोळी घ्यायची का?

प्रश्न असा आलाय. वय ३८, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात प्रॉडक्शन सुपरवायझर, उंची पाच फूट सात, वजन ८६, बीपीची गोळी वर्षभरापासून चालू. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये युरिक ॲसिड ८.१ निघालं. सांधा कधी सुजला नाही, फक्त सकाळी उठल्यावर टाच दुखते. ओळखीच्या डॉक्टरांनी फेबुक्सोस्टॅट ४० (युरिक ॲसिड कमी करायची गोळी) लिहून दिली, दहा दिवस झाले चालू आहे, घरी डाळ, टोमॅटो, पालक, वांगं सगळं बंद झालंय आणि आता विचारणं असं की ही गोळी आयुष्यभर घ्यायची का.

मी एमडी मेडिसिन, बरीच वर्षं एमआयडीसी पट्ट्यात ओपीडी करतोय, कारखान्यांचे चेकअपही बघतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तरी ही गोळी तुम्हाला लागत नाही. पण रिपोर्ट फाईलला लावून विसरून जाऊ नका, कारण हा ८.१ तुमच्या सांध्यांपेक्षा तुमच्या पोटाचा घेर, बीपी, किडनी आणि पिण्याच्या सवयी (पाणी धरून) यांच्याबद्दल जास्त बोलतोय, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही, सगळे डाळीच्या मागे लागतात.

आता हे युरिक ॲसिड येतं कुठून ते बघा. पेशी रोज मरतात, नव्या तयार होतात, त्यांच्यातले प्युरिन नावाचे घटक मोडले की शेवटी युरिक ॲसिड उरतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते अजून पुढे मोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं, माणसात ते उत्क्रांतीच्या ओघात बंद पडलंय, म्हणून आपली लेव्हल मुळातच वरच्या अंगाला असते. साधारण दोन तृतीयांश शरीर स्वतःच बनवतं, खाण्यातून येतं ते एक तृतीयांश. बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं, थोडं आतड्याचं. आणि ज्यांचं वाढलेलं असतं त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांत ते जास्त बनतंय असं नसतं, किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नसते. त्यामुळे "काय खाल्लंस" यापेक्षा "किडनी का अडवून धरतेय" हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आकड्याचं म्हणाल तर सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर ते रक्तात नीट विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक बनू शकतात, म्हणून पुरुषांची लिमिट ७ आणि बायकांची ६ च्या आसपास धरतात. पायाच्या अंगठ्याचं मूळ शरीराच्या मधल्या भागापेक्षा थंड असतं म्हणून स्फटिक तिथे आधी बसतात. पण "बनू शकतात" आणि "बनले" यात खूप अंतर आहे. अमेरिकेत बॉस्टनला दोन हजारांवर निरोगी पुरुषांना पंधरा वर्षं बघितलं होतं, १९८७ साली ते छापून आलं. त्यात ज्यांचं युरिक ॲसिड ७ ते ८.९ होतं त्यांना गाऊट (हे स्फटिक सांध्यात बसून सांधा अचानक सुजायचा आजार) व्हायचं प्रमाण वर्षाला ०.५ टक्के निघालं, म्हणजे दोनशेत एक. ९ च्या वर गेलं की मात्र ते एकदम वर्षाला ४.९ टक्के. लोक तिकडचे, काळ जुना, हे धरूनही चित्र तेच राहतं, की ८.१ वाल्या बहुतेकांना गाऊट होत नाही आणि ९.५ वाल्याकडे मात्र जरा गंभीरपणे बघावं लागतं. म्हणूनच अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० च्या गाइडलाइनमध्ये लक्षणं नसताना नुसत्या वाढलेल्या आकड्यासाठी गोळी सुरू करू नका असा सल्ला दिलाय. जपानमध्ये थोडं वेगळं चालतं, तिथे बीपी-किडनीचा त्रास असेल तर ८ च्या वरही विचार करतात, म्हणजे ज्यांनी तुम्हाला गोळी दिली त्यांनी काही अघोरी केलं असं मी म्हणणार नाही. किडनी वाचेल, हृदय वाचेल म्हणून गोळी द्यावी असंही पूर्वी वाटायचं, पण २०२० मध्ये किडनीवरच्या दोन मोठ्या ट्रायल आणि २०२२ मध्ये हृदयविकाराच्या पेशंटवरची एक अशा तिन्हीत ॲलोप्युरिनॉल (हीसुद्धा युरिक ॲसिड कमी करायचीच गोळी) देऊन तसा फायदा काही दिसला नाही.

टाचेचं इथेच संपवून टाकू. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-वीस पावलं टाच ठणकते, मग चालून चालून मोकळी होते, आणि बराच वेळ बसून उठलं की परत तेच, ही टाचेखालच्या पट्ट्याची दुखणी आहे, प्लांटर फॅसायटिस म्हणतात. तुम्ही दिवसभर कडक सेफ्टी शूज घालून काँक्रीटच्या फ्लोअरवर उभे, वजन ८६, अजून काय होणार. युरिक ॲसिडचा त्याच्याशी संबंध नाही, पण टाच दुखते म्हणून टेस्ट केली आणि ७.४ आलं की लगेच जोडी लावली जाते. गुडघे झिजलेल्या बाईला पण हेच सांगतात, मानदुखीला पण हेच. पोटरी ताणायचा व्यायाम करा, बुटात मऊ इनसोल टाका, घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, दोनतीन महिन्यांत फरक पडतो.

आता खरा मुद्दा, नोकरी करणाऱ्या माणसांत हे वाढतं कशाने.

सगळ्यात वर पोट. सुटलेलं पोट म्हणजे इन्शुलिन नीट काम करत नाही, मग शरीर इन्शुलिन जास्त सोडतं आणि वाढलेलं इन्शुलिन किडनीला युरिक ॲसिड परत आत ओढायला लावतं. त्यामुळे वाढलेलं बीपी, काठावरची शुगर, ट्रायग्लिसराइड, फॅटी लिव्हर आणि युरिक ॲसिड ही सगळी टोळी एकत्रच फिरते, एकटं युरिक ॲसिड वाढलेला बारीक माणूस मला क्वचितच दिसतो आणि दिसला तर मी त्याच्या घरात कोणाला आहे का आणि तो औषधं काय घेतो ते आधी विचारतो. रात्री मोठ्याने घोरत असाल, मध्येच श्वास अडकतो असं बायको म्हणत असेल तर तेही सांगा डॉक्टरांना, त्याचाही याच्याशी संबंध आहे.

दुसरं, औषधं. तुमची बीपीची गोळी कुठली ते तुम्ही लिहिलंच नाही. स्ट्रिप काढा आणि बघा, नावाच्या शेवटी एच आहे का, किंवा आतल्या घटकांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथालिडोन लिहिलंय का. ही लघवी वाढवणारी औषधं आहेत, बीपीला चांगली आहेत, स्वस्त आहेत, पण युरिक ॲसिड वाढवतात. मग होतं काय, एक डॉक्टर ही गोळी देतो, तिच्यामुळे युरिक ॲसिड वाढतं, दुसरा डॉक्टर ते कमी करायला दुसरी गोळी देतो आणि पेशंट दोन्ही घेत बसतो! तुमच्या गोळीत ते निघालं तर फिजिशियनना विचारा की बदलता येईल का, लोसार्टान नावाची बीपीची गोळी तर युरिक ॲसिड थोडं कमीच करते. मनाने मात्र बंद करू नका, बीपी १७० ला जाणं हे ८.१ युरिक ॲसिडपेक्षा कैक पटीने वाईट. हृदयासाठी दिलेली लहान ॲस्पिरिनसुद्धा थोडं वाढवते, तीही युरिक ॲसिडसाठी कोणी सोडायची नसते. आणि टीबीचं औषध चालू असेल तर पायराझिनामाइडने आकडा १०-११ पर्यंत गेलेला मी नेहमी बघतो, लोक घाबरून कोर्स सोडायला निघतात. सोडू नका, सांधा दुखला तर तेवढं औषध मिळतं, ते औषध थांबलं की आकडा आपोआप खाली येतो.

तिसरं पाणी, आणि याच्यावर मी जरा जास्तच बोलतो असं आमच्या सिस्टर म्हणतात. फर्नेसजवळ, फोर्जिंगला, पेंट शॉपच्या ओव्हनजवळ काम करणारा माणूस आठ तास घाम गाळतो आणि पाणी पितो किती, तर जेवताना दोन ग्लास. ट्रकवाले, कॅबवाले, एसटीचे ड्रायव्हर मुद्दाम पाणी पीत नाहीत कारण गाडी थांबवायला जागा नाही. लाइनवर काम करणाऱ्या बायका पीत नाहीत कारण टॉयलेट लांब आणि सुपरवायझरला विचारून जावं लागतं (तुम्ही सुपरवायझर आहात म्हणून मुद्दाम लिहिलं). लघवी घट्ट आणि आम्लधर्मी झाली की युरिक ॲसिड बाहेरही कमी पडतं आणि किडनीत खडाही होतो. हा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफी लागते. एक टेम्पो ड्रायव्हर आठवतात, पाठीतली कळ घेऊन आले, एक्स-रे क्लिअर, कोणीतरी मणक्याचं दुखणं म्हणून पट्टा बांधून दिलेला, आणि लघवीच्या बाटलीत बघितलं तर रंग कडक चहासारखा. दिवसभरात अडीच-तीन लिटर, उन्हाळ्यात आणि भट्टीजवळ त्याहून जास्त, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच माप धरायचं.

चौथं, पेयं. बीअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात अल्कोहोल तर आहेच वर प्युरिनही आहे. "सर मी बीअर नाही घेत, फक्त क्वार्टर" म्हणणारे खूप, पण व्हिस्की-रमनेही वाढतंच आणि ज्याला एकदा गाऊट झालाय त्याला अटॅक यायला कुठलीही दारू चालते. गटारीनंतरच्या आठवड्यात सुजलेला अंगठा घेऊन येणारे ठरलेले असतात, मटण, दारू, अपुरं पाणी आणि जागरण एकाच रात्री. पण दारू न पिणाऱ्यांनी लगेच खुश होऊ नका. कोल्ड्रिंकच्या ६०० मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. लिव्हर फ्रुक्टोज पचवताना आपला एनर्जीचा साठा झपाट्याने खर्च करतं आणि त्या खर्चातून थेट युरिक ॲसिड तयार होतं. सेकंड शिफ्टला झोप येऊ नये म्हणून रोज एक बाटली, पॅकबंद ज्यूस, एनर्जी ड्रिंक, हे डाळीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे आणि याबद्दल घरी कोणी काही बोलत नाही. चहा-कॉफीने वाढत नाही, चहातल्या साखरेचं बघा फक्त. नाईट शिफ्टचं विचाराल तर दोष जागरणाचा किती आणि त्यासोबत येणाऱ्या वडापाव-कोल्ड्रिंकचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. टेन्शनने थेट वाढतं असं मी म्हणणार नाही, टेन्शनमध्ये माणूस काय खातो-पितो त्याने वाढतं.

उपास आणि क्रॅश डाएट हा एक वेगळाच प्रकार. कडक उपास, कीटो, महिन्यात आठ किलो वगैरे केलं की शरीरात कीटोन तयार होतात, ते किडनीतून बाहेर पडताना युरिक ॲसिडला अडवतात आणि आकडा उलटा वाढतो. वजन कमी करायचंच आहे, पण महिन्याला दोन किलोच्या वेगाने. जिमवाली मुलं प्रोटीन पावडरला घाबरतात, व्हे प्रोटीन दुधाचं असतं, त्यात प्युरिन नगण्य, त्याने सहसा वाढत नाही.

बायकांचं थोडक्यात. पाळी चालू आहे तोपर्यंत इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं, त्यामुळे तिशीतल्या बाईचा आकडा बराच वाढलेला दिसला तर मी किडनी आणि औषधं आधी तपासतो. पाळी गेल्यावर मात्र तो पुरुषांच्या जवळ जातो.

आता तुमच्या घरी बंद झालेल्या डाळीकडे येऊ. २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ४७ हजारांवर पुरुष, बारा वर्षं. मटण-बीफसारखं मांस आणि मासे-कोळंबी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघाला, दूध-दही खाणाऱ्यांत कमी, आणि ज्या भाज्या-डाळींत प्युरिन जास्त असतं म्हणून आपण घाबरतो त्यांच्याने काहीच वाढलं नाही. मटार, पालक, मश्रूम, फ्लॉवर, डाळी, सगळं त्यात धरलेलं होतं. त्यामुळे वरण चालू करा आजच. शाकाहारी घरात डाळ बंद करणं म्हणजे प्रोटीन बंद करणं आणि मग माणूस भात-चपाती वाढवतो, वजन अजून वाढतं. टोमॅटोने एखाद्याला गाऊटचा अटॅक येतो असं तो ठामपणे सांगत असेल तर त्याने खाऊ नये, बाकीच्यांनी सोडायचं कारण नाही. कमी करायचं ते कलेजी, भेजा, पाया, सुकट-जवळा, तारली, बांगडा, कोळंबी, आणि मटणाचं प्रमाण. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडचे लोक म्हणतात "मटण दोनच पीस खाल्ले, रस्सा प्यायलो फक्त", तर प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणजे तांबडा-पांढरा वाट्यांवर वाट्या रिचवला की पीस न खाऊन काही वाचत नाही. दही, ताक, सायीशिवायचं दूध बिनधास्त घ्या. पण अपेक्षाही माफक ठेवा, खाण्याचं अगदी कडक पथ्य पाळलं तरी आकडा साधारण एक मिलिग्रॅमने खाली येतो.

टेस्टबद्दल एक सांगायचं राहिलं. चेकअपच्या आदल्या रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी अकरा-बारापर्यंत उपाशी, पाणी पण नाही, त्यात काल जिम किंवा पार्टी झालेली, अशा सॅम्पलमध्ये आकडा वर दिसतोच. तीनेक आठवड्यांनी नीट पाणी पिऊन परत करा आणि सोबत क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची टेस्ट), लघवीची साधी तपासणी, उपाशीपोटीची शुगर, लिपिड हे करा. क्रिएटिनिन बघितल्याशिवाय युरिक ॲसिडचा रिपोर्ट वाचण्यात अर्थच नाही खरं तर.

याच्या उलटी बाजूही रोज दिसते, ज्याला खरा गाऊट आहे तोच नीट औषध घेत नाही. खरा अटॅक कसा असतो, तर संध्याकाळी माणूस ठीक असतो, रात्री दोन-तीनला अंगठ्याच्या मुळाशी असं दुखायला लागतं की चादर लागली तरी ओरडतो, सकाळपर्यंत तो भाग लाल, चकाकता, गरम, बूट चढत नाही, आणि सात-दहा दिवसांत काही न करता पण जातो. जातो म्हणून लोक सोडून देतात. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध आणायचं, अटॅक आला की खायचं, वर्षात पाच-सहा वेळा, आणि मग दहा वर्षांनी कोपरावर खडूसारख्या गाठी आणि क्रिएटिनिन २, म्हणजे किडनीही बिघडलेली. अटॅकच्या दिवशी युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं हेही लक्षात ठेवा, त्यावरून "गाऊट नाही" म्हणू नये, दोनतीन आठवड्यांनी परत बघावं. वर्षात दोन किंवा जास्त अटॅक, गाठी, एक्स-रेत सांधा खराब झालेला, यातलं काही असेल तर गोळी हवीच. पहिलाच अटॅक असेल पण आकडा ९ च्या वर आहे, खडे होतात किंवा किडनी कमजोर आहे, तरी सुरू करावी असं माझं मत. ॲलोप्युरिनॉल १०० पासून, किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी, हळूहळू वाढवत आकडा ६ च्या खाली आणायचा आणि तिथेच ठेवायचा, १०० वर वर्षानुवर्षं बसून राहायचं नाही. सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक वाढू शकतात कारण जुने स्फटिक हलायला लागतात, म्हणून सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिन हे अटॅक रोखणारं औषध कमी डोसमध्ये देतात, आणि मध्ये अटॅक आला तरी मूळ गोळी थांबवायची नाही. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर मात्र ॲलोप्युरिनॉल लगेच बंद करून डॉक्टरकडे धावायचं, थांबून बघायचं नाही. फेबुक्सोस्टॅटही चांगलं औषध आहे, पण २०१८ च्या एका ट्रायलमध्ये आधीच हृदयविकार असलेल्यांत ॲलोप्युरिनॉलपेक्षा मृत्यू जास्त दिसले आणि अमेरिकेत त्यावर इशारा छापला गेला. नंतर युरोपातल्या ट्रायलमध्ये तसं निघालं नाही. तरी नुसता आकडा वाढला म्हणून हे सर्रास वाटत सुटावं असं औषध ते नक्कीच नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दहा दिवसांची गोळी ज्यांनी दिली त्यांनाच फोन करून विचारा की अटॅक कधी झालेला नाही, तर थांबवू का, ती अचानक बंद करून तुमच्यासारख्याला काही होत नाही. बीपीच्या स्ट्रिपवरचे घटक त्यांना वाचून दाखवा. कोल्ड्रिंक बंद, पाण्याची बाटली लाइनवर, वजन ८६ चं ८० पर्यंत यायला तीनचार महिने द्या, मग परत तपासा. ७.३ वगैरे आलं तर त्यावर समाधान माना, ते ६ च्या खाली आणायचा खटाटोप गाऊटवाल्यांसाठी आहे.

आणि कधी एखादा सांधा एकदम सुजला आणि सोबत ताप, थंडी असेल तर "युरिक ॲसिडच असणार, आधीच वाढलेलं होतं" असं धरून घरी बसू नका. सांध्यात पू झाला तरी अगदी असाच दिसतो, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन सांध्यातलं पाणी काढून तपासायला सांगा.